दिवे लागतात, मग सेल्फ का लागत नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांची मोटार तीन आठवडे जागची हलली नव्हती. किल्ली फिरवली की बोनेटखालून ‘टकटकटक’ असा भरभर आवाज येई, पण इंजिन फिरत नसे. हेडलाइट लागत होते, हॉर्नही वाजत होता. त्यामुळे बॅटरी ठणठणीत असून ‘सेल्फ’, म्हणजे स्टार्टर मोटर, निकामी झाली असावी असे सर्वांनी ठरवले आणि गॅरेजमध्ये नवा सेल्फ बसवण्यातही आला. चार दिवसांनी पुन्हा तोच आवाज आला, कारण दोष पहिल्यापासून बॅटरीत होता. दिवे लागले म्हणजे बॅटरी चांगली, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी पुष्कळांचे पैसे विनाकारण खर्च होतात.

गॅस्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेली शिसे-आम्ल बॅटरीच, बऱ्याच सुधारणांनंतर, आजही बहुतेक मोटारींत असते. तिच्यात सहा घट असतात आणि पूर्ण भारित अवस्थेत त्यांचे एकत्रित विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट भरते. वीज देताना शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या, अशा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आम्ल पातळ होत जाते. भारित करताना ही क्रिया उलटते. मात्र बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होतात, ते सहजासहजी विरघळत नाहीत आणि विजेच्या वाटेतील अडथळा, म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध, वाढतो. बंद मोटारीतही घड्याळ, कुलूपयंत्रणा आणि संगणक मिळून समजा ५० मिलिअँपिअर प्रवाह घेत असतील, तर तीन आठवड्यांत सुमारे २५ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीच्या बॅटरीची एकूण क्षमता अनेकदा ३५ अँपिअर-तासच असते.

आता शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवावा. अंतर्गत रोध वाढून ०.०५ ओहम झाला आहे असे धरू. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यामुळे बॅटरीच्या आतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि दिव्यांच्या उजेडात डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. सेल्फला मात्र जड इंजिन फिरवण्यासाठी १५० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. त्याच रोधातून १५० अँपिअर वाहायचे, तर साडेसात व्होल्ट आतच गमवावे लागतील आणि मोटरपर्यंत जेमतेम पाच व्होल्ट पोहोचतील. तेवढ्यावर इंजिन फिरत नाही.

राहिला तो ‘टकटक’ आवाज, आणि या साऱ्या प्रकरणातील मला सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे. सेल्फवर सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबकी खटका असतो. त्यात दोन वेटोळी असतात: एक लोखंडी दांडा जोराने आत ओढते, दुसरे त्याला तिथेच धरून ठेवते. दांडा आत गेला की तांब्याचे जाड संपर्क जुळतात, मोटरला प्रवाह मिळतो आणि त्याच क्षणी, दोन्ही टोकांना सारखेच विभव मिळाल्यामुळे, ओढणारे वेटोळे निष्प्रभ होते. पुढचे काम एकट्या धरणाऱ्या वेटोळ्याचे. चांगल्या बॅटरीवर ते सहज जमते. पण दुबळ्या बॅटरीचे विभवांतर मोटर जोडली जाताच कोसळते, वेटोळ्याची पकड सुटते आणि स्प्रिंग दांडा मागे ढकलते. संपर्क तुटला की मोटरचा भार गेला, भार गेला की विभवांतर पुन्हा वर आले, आणि दांडा पुन्हा आत ओढला गेला. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडते. शाळेच्या विजेच्या घंटेत हातोडी स्वतःचाच परिपथ तोडते आणि जोडते; इथे तेच काम बॅटरीचा अशक्तपणा करतो.

म्हणूनच बॅटरीची परीक्षा भाराखाली घ्यावी. सेल्फ मारत असताना मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांवर धरावा, आकडा ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी उतरलेली किंवा थकलेली आहे. आकडा वर राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा किल्ली फिरवावी. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तरी दोष टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांत आहे. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी ते निघतात, कारण सोडा आम्लाचे उदासिनीकरण करतो. सफाईपूर्वी ऋण टर्मिनल आधी सोडवावे. मग धन टर्मिनल सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तरी शॉर्टसर्किट होत नाही. एकच ‘टक’ होऊन सारे शांत होत असेल, तर मात्र सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश तपासणे योग्य. इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, हा इंधनाचा किंवा ठिणगीचा निराळा विषय आहे.

बोनेटला लिंबू-मिरची बांधल्याने किंवा अमावास्या टाळल्याने सल्फेटचा एकही स्फटिक विरघळत नाही. मेलेली बॅटरी जिवंत करण्याचा दावा करणाऱ्या चूर्णांवरही मी तितकाच कमी विश्वास ठेवतो, कारण पट्ट्यांवरून झडून गेलेले द्रव्य कोणतेही चूर्ण परत चिकटवू शकत नाही.

दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीचा आधार घेताना काळ्या केबलचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटच्या जोडणीत ठिणगी पडते. मोटार सुरू झाल्यावर अर्धा तास जागेवर इंजिन चालवून गमावलेले २५ अँपिअर-तास भरून येत नाहीत. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावावी आणि सकाळी पुन्हा भाराखाली मोजावी; आकडा तेव्हाही ९.६ च्या खाली गेला, तर ती बदलावी.