नाव गेल्यावरचं वादळ

२६ सप्टेंबर २०२१ला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र प्रदेशातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. ठाण्यात, नवी मुंबईत कुणी मान वर करून पाहिलं नाही. बंगालचा उपसागर कुठे, आपण कुठे! दोन दिवसांत तेच तेलंगणातून मराठवाड्यात उतरलं. मांजरा नदीकाठची शेतं आणि वस्त्या पाण्यात गेल्या. मग ते उत्तर कोकण, दक्षिण गुजरात करत अरबी समुद्रात पोचलं, तिथे पुन्हा बळावलं आणि 'शाहीन' या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं.

मधल्या दिवसांत, म्हणजे ते आपल्या राज्यावर होतं तेव्हा, त्याला नावच नव्हतं. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या खाली आला की हवामान खात्याच्या लेखी ते चक्रीवादळ उरत नाही. जमिनीवर समुद्राची ऊब आणि वाफ तुटते, झाडं-डोंगर वाऱ्याला अडवतात, म्हणून तो लवकर पडतो. पाऊस मात्र त्याच्या पोटात शिल्लक असतो, आणि सह्याद्रीला अडला की तो मोकळा होतो.

समुद्राकडून थेट आलेली वादळं आपल्याला माहीत आहेत. १९४८चं नोव्हेंबरातलं, ११ नोव्हेंबर २००९ला अलिबाग-मुंबईच्या मध्ये शिरलेलं 'फयान'. ३ जून २०२०चं 'निसर्ग' तर श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात शिरलं आणि घाट चढून मावळातली पॉलीहाऊसं उडवून गेलं. मुंबई वाचली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकत होतो, तेव्हा घाटावरच्या शेतकऱ्यांचं वादळ नुकतं सुरू झालं होतं.

नवी मुंबईचा धोका आणखी वेगळा. सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून नोड, म्हणजे शहराचे वेगवेगळे भाग, वसवले आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. एका बाजूला पारसिकच्या डोंगरावरून येणारे नाले, दुसऱ्या बाजूला मिटलेली दारं, आणि अनेक तलाव गाळाने नि खारफुटीने भरलेले. अशा वेळी मोठी भरती आणि नाव गेलेल्या वादळाचा संथ, तासन्‌तास कोसळणारा पाऊस एकत्र आले, तर वाऱ्याची एक झुळूक नसतानाही वाशी-नेरुळच्या सखल सेक्टरांत पाणी चढतं.