रिसीव्हर मधेच बंद पडतोय? आधी कपाटाचं दार उघडून बघा

मार्च संपत आला की दुकानात फोन सुरू होतात. रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचा ॲम्प्लिफायर, आपोआप बंद होतोय, सेटटॉप बॉक्स हँग होतोय, राऊटर आहे पण नेट नाही, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, सकाळी चांगलं चालतं ओ, रात्रीच काय होतं कळंना. मशीन घेऊन या म्हटलं की इथं टेबलावर ते दिवसभर मस्त चालतं. चालणारच की, इथं ते मोकळ्यावर असतं, घरी मात्र सुतारानं केलेल्या सनमायकाच्या युनिटमध्ये, समोर काच, मागं प्लायवूड, वायरीपुरतं एक भोक. म्हणजे बऱ्याचदा बिघाड मशीनमध्ये नसतोच, कपाटात असतो, आणि तुम्ही आम्हाला दाखवायला आणता मशीन. म्हणून हा कागद छापलाय. वाचून झाला की ड्रॉवरमध्ये टाका, रिसीव्हरच्या वर नको, का ते खाली येतंच आहे.

मशीन जेवढी वीज खातं त्यातली जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते, स्पीकरमधून आवाज म्हणून बाहेर पडते ती फारच थोडी. नेहमीचा होम थिएटर रिसीव्हर नुसता चालू ठेवला, आवाज बारीक असला तरी ४०-५० वॅट ओढत बसतो, मोठ्यानं लावला की त्याच्या कितीतरी पट. सेटटॉप बॉक्स १०-१५ वॅटचा, पण तो रिमोटनं बंद केला तरी गरमच राहतो, हात लावून बघा. आता हे सगळं मिळून १०० वॅट धरा, म्हणजे पूर्वीचा पिवळा १०० चा बल्ब बंद कपाटात चार तास पेटवून ठेवल्यासारखं झालं. लाकूड आणि प्लायवूड उष्णता बाहेर सोडत नाही, पत्रा तरी जरा सोडतो.

त्यात आपलं सोलापूर. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली रात्री नऊला पण ३६-३७ ला असते. मॅन्युअल काढून बघा, बऱ्याच मशीनवर ३५ नाहीतर ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. म्हणजे कपाटात जायच्या आधीच आपण काठावर उभे.

जुळे सोलापुरातल्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. रिसीव्हर रोज रात्री तास-दीड तासानं बंद पडायचा, समोरचा दिवा लुकलुकायचा, म्हणजे प्रोटेक्टमध्ये जायचा, जास्त तापल्यावर स्वतःला वाचवायला आपोआप बंद व्हायचा. आधी कोणीतरी बोर्ड खराब आहे म्हणून सांगून गेलेलं. दार उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली, भाकरीच्या तव्यावर वाकल्यावर येते तशी. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर सेटटॉप बॉक्स, त्याच्यावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर गणपती. बॉक्सखालचा स्टिकर पाघळून रिसीव्हरला चिकटलेला. आम्ही वायरवाला थर्मामीटर आत सोडला, दार लावलं आणि चहा पीत बसलो. खोलीत ३६ होतं, तासाभरात आत ५४. मग बॉक्स खालच्या कप्प्यात घेतला, रुमाल आणि गणपती बाजूच्या शोकेसमध्ये (काकू जरा नाराज झाल्या), दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून मागच्या प्लायला वर आणि खाली वाट करून घेतली, ४७ वर आलं. वर एक पंखा लावल्यावर ४०. बोर्ड तोच आहे अजून.

तर आधी वाट, मग पंखा. लोक उलटं करतात, बंद खोक्यात दोन पंखे बसवतात आणि ते बिचारे तीच गरम हवा आतल्या आत फिरवत राहतात. गरम हवा वर चढते, म्हणून बाहेर जायची वाट मागच्या प्लायला सगळ्यात वर, आणि आत यायची सगळ्यात खाली, तळाला किंवा दाराखालच्या पट्टीत. खालची वाट वरच्यापेक्षा मोठीच ठेवा, दीड फूट लांब आणि सव्वा इंच उंच अशी फट एका पंख्याला पुरते. युनिट भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल तर मागची भोकं काही कामाची नाहीत, दोन-तीन इंच पुढं ओढा. रिसीव्हरच्या वर किमान चार इंच मोकळं, आणि कप्प्यांच्या फळ्या मागं भिडलेल्या नकोत, नाहीतर खालची हवा वर जाणार कुठून. एकाच कप्प्यात सगळं ठेवायचंच असेल तर रिसीव्हर सगळ्यात वर.

पंखा १२० एमएमचा घ्या, कॉम्प्युटरला असतो तो. लहान पंखा तेवढीच हवा ओढायला जोरात फिरतो आणि शांत सीनमध्ये घुंईं ऐकू येतं. हिशेब सोपा आहे, आतली हवा खोलीपेक्षा १० डिग्रीच जास्त राहावी असं वाटत असेल तर १०० वॅटला १८ सीएफएम (मिनिटाला १८ घनफूट) हवा लागते. पंख्याच्या डब्यावर ४०-५० लिहिलेलं असतं पण जाळी आणि वायरींचा गुंता आडवा आला की निम्मं धरा, तरी एक पुरतो. १२ व्होल्टचा पंखा ९ च्या अडॅप्टरवर चालवला की आवाज जवळपास जातो. खाली रबराचे वॉशर टाका, थेट स्क्रू मारला तर सगळं प्लायवूड गुणगुणतं. टीव्हीच्या यूएसबीवर चालणारे ५ व्होल्टचे पण मिळतात, टीव्हीबरोबर चालू, टीव्हीबरोबर बंद, पण आमचं मत विचाराल तर थर्मोस्टॅटवालाच (आतल्या गरमीप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारा) बरा, कारण टीव्ही बंद केल्यावर पण आत गरम असतंच, तो आपला थंड होईपर्यंत फिरत राहतो. सेटिंग ४५ वर ठेवा, ३५ वर ठेवला तर मे महिन्यात थांबणारच नाही.

बसवल्यावर खालच्या फटीपाशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर बरोबर, तोंडावर आला तर पंखा उलटा बसलाय, फ्रेमवरचा बाण बघून फिरवा.

आणि एक लक्षात घ्या, पंखा म्हणजे एसी नव्हे. खोलीत ३८ असेल तर कपाटात ३८ च्या खाली येणार नाही. म्हणून कोणी कूलरचं तोंड युनिटकडं करतात, ते करू नका, त्या ओल्या हवेनं पिना आणि बोर्ड गंजतात. इन्व्हर्टरची बॅटरी पण त्या कपाटात नको, चार्ज होताना गॅस सोडते.

अशोक चौक, विडी घरकुल भागातल्या ग्राहकांना जरा वेगळं सांगायचंय. जवळ यंत्रमाग असले की हवेत सुताचा भुगा असतो, टॉवेलचा तर फारच, आणि तो जाळीवर असा बसतो की महिन्या-दोन महिन्यात गोधडीच पांघरल्यासारखी होते. खालच्या फटीला स्पंजची जाळी लावा आणि दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून परत लावा. ब्लोअर मारायचा तर मशीनचं प्लग काढून, आणि पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

मशीन लगेच बंद पडत नाही म्हणून निवांत राहू नका. बोर्डावरचे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे डबे) दर १० डिग्री जास्त तापले की साधारण निम्म्या आयुष्यात संपतात, आवाज घरघरायला लागतो तेव्हा कळतं.

दुकानात येताना मशीन आणायची गरज नाही. युनिटचा पुढून-मागून फोटो, कप्प्याची लांबी-रुंदी-खोली, आणि मशीनमागच्या वॅटच्या स्टिकरचा फोटो आणा, किती भोकं कुठं पाडायची ते कागदावर काढून देतो, मिस्त्री तुमचाच असू दे.