गॅल८० डीएनएवर बसत नाही

लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज पचवणारी आणि मिळून एकच एमआरएनए (जनुकाची आरएनए प्रत) देणारी जनुकं, बारावीपासून पाठ असतं. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या डीएनएवर, ऑपरेटर नावाच्या जागेवर रिप्रेसर (जनुकं दाबणारं प्रथिन) बसलेला. अ‍ॅलोलॅक्टोज ही लॅक्टोजपासून बनणारी साखर आली की रिप्रेसर सुटतो आणि पॉलिमरेजला, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या एन्झाइमला, वाट मोकळी. त्यावर मी वेळ घालवत नाही. इथे कोल्हापुरात बीएस्सीच्या पोरांना शिकवताना त्रास होतो तो यीस्टचा, गॅलॅक्टोज वापरणाऱ्या गॅल जनुकांचा, धडा आला की. तेच चित्र उचलून चिकटवतात आणि लिहितात, 'गॅल८० डीएनएवर बसून जनुकं बंद ठेवतं.' दरवर्षी. एका गाईडातही असंच छापलेलं पाहिलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

गॅल८० आणि गॅल४ ही दोन्ही यीस्टची प्रथिनं, पण डीएनएवर बसतं ते गॅल४. त्याचेच दोन रेणू जोडीनं, १७ बेसजोड्यांच्या खुणेवर. गॅल१ आणि गॅल१० या जनुकांच्या मधे अशा चार खुणा आहेत. ग्लुकोज नाही आणि गॅलॅक्टोजही नाही, अशा वेळीसुद्धा गॅल४ तिथं हजर असतं. त्याचा जो भाग इतरांना बोलावतो तो गॅल८०नं झाकलेला असतो. कुस्तीच्या मैदानात हलगीवाला उभा आहे, पण कुणीतरी त्याचा हात धरलाय. गॅलॅक्टोज आला की तो आणि एटीपी घेऊन गॅल३ हे प्रथिन जाऊन गॅल८०ला पकडतं, हात सुटतो, हलगी कडाडते. सागा आणि मीडिएटर हे प्रथिनांचे ताफे जमतात, टीबीपी हे प्रथिन टाटा बॉक्स या जनुकाआधीच्या डीएनए खुणेवर बसतं, आरएनए पॉलिमरेज २ येतं.

पोरं फसतात त्याला कारण आहे. लॅक रिप्रेसर काढला तर जनुकं सतत चालू. ग्लुकोज नसताना गॅल८० काढलं तरी सतत चालू. निकाल सारखा, म्हणून यंत्रणाही सारखी वाटते. मग गॅल८०च्या जोडीला गॅल४ही काढून बघा: जनुकं बंदच. हात धरणारा गेला, पण हलगीवालाच नाही. बॅक्टेरियाचं पॉलिमरेज सिग्मा या प्रथिनाच्या मदतीनं प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीची डीएनए खूण) स्वतः ओळखतं, सीएपी हे दुसरं प्रथिन त्याला जोर देतं. यीस्टचा डीएनए न्यूक्लिओसोमांत, म्हणजे प्रथिनांच्या रिळांवर, गुंडाळलेला असतो. तिथं बोलावल्याशिवाय कुणी येत नाही.

डीएनएवर बसून दाबणारं प्रथिन यीस्टमध्येही आहे, पण ते मिग१. ग्लुकोज असताना ते गॅल१च्या आणि खुद्द गॅल४च्या जनुकाच्या नियंत्रण भागात बसतं आणि टप१-सायक८ या जनुकं दाबणाऱ्या प्रथिनांच्या ताफ्याला बोलावतं.

आणि याला 'गॅल ऑपेरॉन' म्हणू नका. यीस्टच्या या प्रत्येक जनुकाचा एमआरएनए वेगळा असतो.

आकृती काढताना आधी डीएनएवर गॅल४ काढा, मग त्याच्या अंगावर गॅल८०. गॅल८०ची रेघ डीएनएला टेकली की मी गुण कापते.