‘हल्ला’ या शब्दाची पार्श्वभूमी: न्हावा-शेवा ते तारापूर

२७ जून २०१७ ला उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारी संगणकयंत्रणाच बसली, तिथे ट्रेलरवाला करणार काय? निशाणा इथला नव्हताच. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला कोड एका जागतिक जहाज कंपनीच्या जाळ्यातून आपल्या किनाऱ्याला लागला. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटनने रशियावर ठपका ठेवला; रशियाने तो झटकला.

त्याच जून महिन्यात सायबर नियमांवर खल करणारा सरकारी तज्ज्ञांचा जागतिक गट एकमत न होता उठला होता. २०१५ मध्ये याच प्रक्रियेतून ११ ऐच्छिक नियम निघाले होते. लोकांना सेवा देणाऱ्या अत्यावश्यक यंत्रणा शांततेच्या काळात बिघडवायच्या नाहीत, हा त्यातला एक. २०१७ मध्ये घोडं अडलं मुख्यतः स्वसंरक्षणाच्या हक्कावर. सायबर कृत्याला ‘सशस्त्र हल्ला’ म्हटलं की बळाने उत्तर द्यायचा हक्क मिळतो, आणि ते उत्तर संगणकानेच द्यावं असं बंधन नाही. काही देशांना हा हक्क मसुद्यात स्पष्ट हवा होता, तर काहींना त्यात सायबरविश्वाचं रणांगण होताना दिसत होतं. मला ही दुसरी भीती रास्त वाटते, कारण कोणी केलं हे कळायला महिने लागतात आणि संताप त्याच दिवशी होतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं रुळांवरून चालत निघाली. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीला चारच महिने झाले होते. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याने प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताकडे बोट दाखवलं. केंद्रातल्या मंत्र्याने मानवी चूक म्हटलं. चीनने आरोप नाकारले. वीज एकदाच गेली, कारणं मात्र दोन सांगितली गेली, तीही तणावाच्या काळात.

आधी समोरच्या देशाला विचारायचं, मग दोषी म्हणून नाव घ्यायचं, ही रीत जुनीच. समुद्रातल्या चकमकी टाळायला अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये करार केला. भारत-पाकिस्तान एकमेकांच्या अणुसुविधांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुसुविधांच्या याद्या एकमेकांना देतात. आपल्या तारापूरसारखे वीजप्रकल्प त्यात मोडतात. संबंध कितीही बिघडले तरी याद्या जातातच.

सायबरसाठी, कुठल्या देशात कोणाला विचारायचं हे सांगणारी संपर्काची जागतिक यादी सुरू व्हायला मे २०२४ उजाडला. प्रत्येक देशाने तांत्रिक आणि राजनैतिक संपर्क द्यायचे. तेही ऐच्छिकच.