पापणी उतरली, पण नेमकं काय उतरलं?

इंदूरच्या उन्हाळ्यात स्कूटीवर निघालेल्या बायका ओढणी अशी गुंडाळतात की फक्त डोळे उघडे राहतात. म्हणजे ऊन लागतं ते नेमकं शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडीला. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. अतिनील किरणांनी तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, वर्षानुवर्षं तुटत राहतं. गॉगल खरंच लावावा. नाहीतर पन्नाशीत रामबागेतल्या एखाद्या मावशी आरशात बघून म्हणतात, "डोळे किती उतरलेत गं माझे!"

यावर हल्ली स्किन क्लिनिकमध्ये 'आरएफ' सुचवतात, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह कातडीतून सोडतात. ऊतींच्या विरोधामुळे आतल्या आतच उष्णता तयार होते. अनेक लेझर त्वचेतल्या रंगद्रव्यात शोषले जातात, तसं इथे होत नाही. आपल्या सावळ्या वर्णासाठी ही मोठी जमेची बाजू.

कोलॅजनचा रेणू तीन पेडांच्या वेणीसारखा असतो. साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला पेड उलगडतात आणि तंतू आखडतो. शरीर याला बारीकशी इजा समजतं आणि फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजन तयार करू लागतात. या कामाला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा आठवड्याभरात आरसा बघून निराश होऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अशा यंत्राला 2002 मध्येच मान्यता दिली.

थेट पापणीवर उपचार करताना डोळा सुन्न करणारे थेंब घालून बुबुळावर प्लास्टिकचं कवच बसवतात. ते बसवणार का, हे आधीच विचारा. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

पण त्याआधी काय उतरलंय ते कळायला हवं. बारीक सुरकुत्या आणि थोडा सैलपणा असेल, तर आरएफचा उपयोग होतो. कातडीची घडी पापण्यांच्या केसांवर टेकत असेल, तर ती जास्तीची कातडी शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. आणि पापणीची कडाच बाहुलीवर येत असेल, तर दोष कातडीचा नसून पापणी उचलणाऱ्या स्नायूचा किंवा त्याच्या नसेचा असू शकतो. तिथे आरएफ व्यर्थ, नेत्रतज्ज्ञाकडेच जावं. एक पापणी अचानक पडली, सोबत दोन-दोन दिसू लागलं किंवा डोकं जोरात दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इस्पितळ गाठावं.