स्रेब्रेनित्सा : नकाराची सुरुवात कबरींपासून

मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव मांडला गेला. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथल्या वंशसंहाराच्या स्मरणासाठी दरवर्षी ११ जुलै हा दिवस पाळावा आणि तो वंशसंहार नाकारण्याचा निषेध व्हावा, एवढीच त्यातली मागणी होती. बाजूने ८४ मते पडली, विरोधात १९, आणि ६८ देश तटस्थ राहिले. त्यात भारतही होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी केव्हाच निकाल दिलेल्या गोष्टीवर इतकी ओढाताण का व्हावी, हे समजायला १९९५ पर्यंत मागे जावे लागते.

बोस्नियाच्या युद्धात (१९९२-९५) पूर्व बोस्नियातले हे गाव सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केले होते. राखायला डच सैनिकांची तुकडी होती. ११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतले. जवळच्या पोतोचारीत, संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रयाला आलेल्या बोस्नियाक मुसलमानांमधून पुरुष आणि मुलगे वेगळे काढले गेले, जंगलातून निसटू पाहणारे पकडले गेले, आणि थोड्याच दिवसांत आठ हजारांहून अधिक जणांना ठार मारण्यात आले. ब्रान्येवोच्या शेतावर गोळ्या झाडणाऱ्यांपैकी द्राझेन एर्देमोविच याने पुढे हेगच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. एकट्या त्या शेतावर हजाराच्या वर माणसे मारली, असे त्याने सांगितले.

नाकारण्याचे काम युद्ध संपण्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेने ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेत हवाई छायाचित्रे दाखवली. त्यात ताजी उकरलेली जमीन दिसत होती. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्खनन यंत्रे आणि ट्रक लावून बोस्नियन सर्ब सैन्याने मूळ कबरी उपसल्या आणि मृतदेह दूरदूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकले. यंत्राच्या बकेटने प्रेते तुटली. एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या कबरींत सापडतात ती यामुळे. तरी माग राहिलाच. कोझलुकला बाटल्या भरण्याच्या कारखान्याच्या काचेच्या ढिगाऱ्यात माणसे मारली होती. तीच हिरवी काच, तीच लेबले चांचारी रस्त्यालगतच्या दुसऱ्या कबरीत निघाली. डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्या निघाल्या, हात बांधलेल्या दोऱ्या निघाल्या. 'लढाईत मेलेले सैनिक' हा दावा इथेच कोसळतो.

पुढे डीएनए चाचणीने सुमारे सात हजार जणांची ओळख पटली. पण कित्येक घरांसमोर प्रश्न उभा राहिला : मिळालेली दोन-चार हाडे आत्ताच दफन करायची, की उरलेली सापडण्याची वाट पाहायची?

न्यायालयांनी आपले काम केले. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने २००४ मध्ये म्लादिचचा अधिकारी जनरल क्रिस्तिच याच्या खटल्यातल्या अपिलातही हा वंशसंहारच असल्याचे कायम केले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तेच म्हटले. त्या निकालात सर्बियाला थेट जबाबदार धरले नाही, पण तो रोखण्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरवले. बोस्नियन सर्बांचा युद्धकाळातला राजकीय नेता रादोवान कराजिच आणि म्लादिच, दोघांनाही जन्मठेप झाली.

राजकारण मात्र उलट्या दिशेने गेले. बोस्नियातल्या सर्बबहुल घटकाच्या, रेपुब्लिका सर्प्स्काच्या, सरकारी अहवालाने २००२ मध्ये मृतांचा आकडा दोन हजारांच्या आसपास आणला आणि त्यातले बहुतेक सैनिकच होते असे ठरवले. आंतरराष्ट्रीय दबावाखाली नवा आयोग नेमला गेला. २००४ मध्ये त्याने हजारो नावांची यादी दिली, तोवर माहीत नसलेल्या सामूहिक कबरींची ठिकाणेही सांगितली. तेव्हाचे अध्यक्ष द्रागान चाविच यांनी हे सर्बांच्या इतिहासातले काळे पान असल्याचे दूरचित्रवाणीवर म्हटले आणि सरकारने माफी मागितली. त्या वर्षी दार खरोखर उघडले होते, असे मला वाटते. पण २०१८ मध्ये मिलोराद दोदिक यांच्या सत्ताकाळात विधानसभेने तो अहवाल रद्द केला, आणि नव्या आयोगाने २०२१ मध्ये वंशसंहार झालाच नाही असा निष्कर्ष काढला.

यामागचे कारण युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारात आहे. १९९५ च्या त्या कराराने रेपुब्लिका सर्प्स्काला देशाचा ४९ टक्के भूभाग दिला, आणि स्रेब्रेनित्सा त्यातच येते. वंशसंहार मान्य केला की हा घटक कसा जन्माला आला हा प्रश्न उभा राहतो, आणि तो दोदिक यांच्यासारख्या नेत्यांना परवडणारा नाही. सर्ब गावांवरही हल्ले झाले, जानेवारी १९९३ मध्ये क्रावित्सात सर्ब मारले गेले, हे खरे आहे आणि त्या मृतांचाही शोक व्हायला हवा. पण तो शोक आठ हजार खून पुसायला वापरणे ही त्या मृतांचीही विटंबना आहे.

जुलै २०२१ मध्ये डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी वालेंतिन इन्झ्को यांनी पद सोडता सोडता वंशसंहार नाकारणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. हा कायदा आमच्याकडे लागू नाही, असे रेपुब्लिका सर्प्स्काने लगेच जाहीर केले. दरम्यान, सुमारे हजार जण अजून बेपत्ता आहेत. त्यांच्या कबरी कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यातली कित्येक माणसे आजही त्याच परिसरात राहतात, आणि त्यांना बोलते करण्याची २००४ सारखी इच्छा त्यांच्या सरकारात पुन्हा दिसलेली नाही.