पेशीपटल ही चाळणी नव्हे

‘लहान रेणू आत, मोठे बाहेर, पेशीपटल म्हणजे बारीक चाळणी’ हे वाक्य वह्यांतून पिढ्यानपिढ्या उतरत आलंय. ते चुकीचं आहे. सोडियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, केवढासा! तरी तो अडतो, आणि कितीतरी मोठं इस्ट्रोजेन हे संप्रेरक सहज पार होतं. कारण पटलाचा गाभा मेदाचा: विद्युतभार असलेल्याला तिथे थारा नाही, मेदात विरघळणाऱ्याला मोकळी वाट. सोडियमला प्रथिनांचाच आधार लागतो. त्यातलंच एक प्रथिन म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप: तो एका एटीपीवर (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) ३ सोडियम बाहेर काढून २ पोटॅशियम आत घेतो. पाण्याची गंमत आणखी वेगळी. मेदातून ते थोडंफार झिरपतं, पण घाऊक वाहतूक अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनातून. त्याच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्या वाटेने प्रोटॉन मात्र, पाण्याच्या रेणूहून लहान असूनही, जाऊ शकत नाही.